मंदाला मी मिठाचं सांगितलं नाही

शिवाजीचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. शिवाजी म्हणजे आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मदतनीस, मंदाच्या आणि माझ्या हाताखाली उभी हयात घालवलेला माणूस. "मॅडम, मंदा मॅडम गेल्या," एवढंच म्हणाला आणि हमसून रडायला लागला. सकाळी पाणी भरताना मोरीत पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डोक्यातली नस फुटली म्हणे. मी म्हटलं, "बरं." आता माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच आलं. फोन ठेवला आणि उरलेली गवार निवडायला बसले. त्या शेंगा मोडताना माझ्या मनात जो पहिला विचार आला तो इथे लिहिते, वाचून कुणाला माझा राग आला तर येऊ दे. मनात आलं, आता प्रयोगशाळेला हिचं नाव देणार... रडू नंतर आलं, खूप आलं, पण आधी हे आलं.

तिच्या शोकसभेला कॉलेजचा हॉल पुरला नाही. विद्यार्थी तर होतेच, पण अकोले तालुक्याच्या डोंगरातून दोन जीप भरून बायका आल्या होत्या. नेसूचं लुगडं, डोक्यावर पदर, पायांत प्लॅस्टिकच्या चपला. त्यांतली एक माईकपाशी गेली आणि म्हणाली, "बाईनं आमाला गुडघं दिलं. दुसरं काय बोलू?" आणि खाली बसली. हॉल रडला. मीही रडले, आणि रडता रडता मोजत होते, माझ्या वेळी किती येतील? आमचे प्राचार्य म्हणाले, मंदाताईंच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीने दोन शब्द बोलावेत. मी उठले, चार वाक्यं बोलले. सगळी खरी होती, पण खरं बोलायचं होतं ते त्यांत नव्हतं. ते आता लिहिते आहे.

आम्ही दोघी नगरला बी. फार्म.ला एका वर्गात, एका खोलीत. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ जुनी आहे.) मी संगमनेरची, आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी, मला पहिल्या नंबराची सवय. मंदा भंडारदऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीतली. डोंगरउतारावर भाताची चार खाचरं, वडील लवकर गेलेले, आई एकटी राबणारी. मंदा वर्गात 'व्हय सर' म्हणाली की मुलं हसायची. इंग्रजी पुस्तक तिला समजायचं नाही, मी रोज जेवण झालं की तिला समजावून सांगायचे. तेव्हा ती मला फार आवडायची. आपल्यामागे असलेलं माणूस आवडायला काय लागतं! ती गावाकडून तांदूळ आणायची, आंबेमोहोर, आणि खोलीत स्टोव्हवर भात शिजला की सगळं हॉस्टेल वासावर यायचं. पुढे दोघींनाही संगमनेरला एकाच कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा मीच तिच्यासाठी खोली शोधली, मीच तिला साड्या निवडून दिल्या. ती मला 'शुभे' म्हणायची. माझ्या माहेरीसुद्धा मला कुणी अशी लाडाची हाक मारत नव्हतं.

डॉक्टरेट आधी मी केली. विषय सूज उतरवणारं हळदीचं जेल. मलम तेलकट असतं, कपड्यांना चिकटतं. जेल पाण्यातलं, अंगात चटकन मुरतं, गार लागतं. कागदावर माझं काम चोख होतं. उंदराच्या पंजाला सूज आणायची, जेल लावायचं आणि तासातासाने पंजा मोजायचा, अशी ती पद्धत. माझ्या उंदरांची सूज झरझर उतरली. परीक्षकांनी वाहवा केली. फक्त एक घोटाळा झाला. ते जेल लावलं की अंग पिवळंधमक व्हायचं आणि सात धुण्यांत कपडा पांढरा व्हायचा नाही. सासूबाईंच्या गुडघ्याला लावलं तर त्यांनी ठेवणीतलं पांढरं लुगडं माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाल्या, "अगं, गुडघा बघतेस की माझी हळद लावतेस या वयात?" कॉलेजात मी हा किस्सा हसत हसत सांगितला, तर मंदा सगळ्यांदेखत म्हणाली, "शुभे, काम एक नंबर आहे तुझं, पण नवरीशिवाय कोण लावून घेईल हे?" स्टाफरूम खो खो हसली. मीही हसले. अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझं जेल कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं.

मग चार-पाच वर्षांनी मंदाने डॉक्टरेटला नाव घातलं आणि विषय घेतला निर्गुडीचा. तिच्याकडे निगडी म्हणतात. बांधाबांधावर उगवणारं झुडूप, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. भातलावणीच्या दिवसांत तिच्या वाडीतल्या बायका दिवसभर चिखलात वाकून असतात. संध्याकाळी बोटं वांग्यासारखी सुजतात, गुडघे वाकत नाहीत. निर्गुडीचा पाला वाटून गरम करून बांधला की उतार पडतो, हे तिथल्या पोरीसोरींनाही माहीत. मंदा म्हणाली, "पण शुभे, दिवसभर चिखल तुडवून आलेली बाई वाटत कधी बसणार? तिला ट्यूब पाहिजे. पिळली, लावली, झोपली." एवढंच. एवढं साधं! मी वर्षभर ग्रंथालयात बसून विषय शोधला होता आणि हिने आईच्या बांधावरून उचलला.  आणि मला लगेच कळलं की हे चालणार आहे.

पहिल्या वेळी मे महिन्यात तिने स्वतः पानं खुडून आणली, सावलीत वाळवली, पाण्यात उकळून काढा आटवला. जेल करायची रीत अशी की कार्बोपोल नावाची पांढरी पूड पाण्यावर भुरभुरवायची, ती फुगू द्यायची, त्यात औषधाचा अर्क घालायचा आणि मग अल्कलीचे थेंब सोडत ढवळायचं. एका क्षणाला ते पाणी एकदम घट्ट होतं. कितीही वर्षं केलं तरी तो क्षण बघायला मजा येते. मंदाचं जेल जमलं तेव्हा मी शेजारी उभी होते. फिकट हिरवं, नितळ, चमच्यावर ठाम उभं. तिने चमचा उलटा केला तरी पडेना. "शुभे, बघ! बघ की गं!" करत ती लहान मुलीसारखी नाचली. मी तिला पेढे आणून दिले आणि घरी जाऊन भाजीत मीठ जास्त झालं म्हणून स्वतःच्याच स्वयंपाकावरून यजमानांशी भांडले.

पुढच्या प्रयोगांना पाला पोतंभर लागणार होता. तिच्या आईने तो वाळवून, चुरून एसटीने पाठवायला सुरुवात केली. अकोल्याच्या गाडीचा एक कंडक्टर पोतं आणून स्टॅंडवर द्यायचा आणि शिवाजी सायकलवर घेऊन यायचा. आणि तिथून मंदाचे ग्रह फिरले. जेल जमेचना. थेंब सोडायचे, ढवळायचं, ढवळायचं... आणि ते आपलं ताकासारखं पातळ. तिने कार्बोपोलचा डबा बदलला. पाणी बदललं. थेंब वाढवले. दर वेळी ते पातळ भांडं घेऊन ती माझ्या टेबलापाशी यायची. "बघ गं शुभे, परत तेच." मी भांडं तिरकं करून बघायचे, चष्मा वर करायचे, "अर्कातच काहीतरी असेल," म्हणायचे. तोवर मलाही ठाऊक नव्हतं, हे शपथेवर सांगते. श्रावण आला तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनी निर्वाणीचं सांगितलं की दिवाळीनंतरही हे असंच राहिलं तर ही वनस्पती सोडा, दुसरी घ्या. मंदाला ते फार लागलं. आईचं औषध सोडायचं म्हणजे तिला आईलाच खोटं पाडल्यासारखं वाटत होतं.

त्याच श्रावणात एका रविवारी ती मला वाडीला घेऊन गेली. म्हणाली, चल, डोकं जरा मोकळं होईल. अकोल्यापर्यंत एसटी, पुढे जीप. डोंगर हिरवेगार, प्रत्येक कड्यावरून पाणी. तिच्या आईने, मी त्यांना मावशी म्हणायचे, नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा केला होता. मी खेकडा खात नाही म्हटल्यावर माझ्यासाठी वेगळं पिठलं टाकलं. जेवण झालं, मंदा शेजारच्या घरी कुणाचा तरी गुडघा बघायला गेली आणि मी पडवीत बसले. मावशी समोर पितळेची मोठी परात घेऊन बसल्या होत्या. परातीत निर्गुडीची पानं. त्यांनी मडक्यातून ओंजळभर खडेमीठ काढलं, पाट्यावर वरवंट्याने भरडलं आणि पानांना चोळचोळून लावलं. मग पानं चुलीवर टांगलेल्या सुपात पसरली. मी विचारलं, "मीठ कशाला, मावशी?"

"पावसाचं बुरशी धरतीया," त्या म्हणाल्या. "आन् निगडी मिठाबिगर लागू व्हत न्हाई. माज्या सासूनं सांगितलं हुतं."

मी परातीकडे बघतच राहिले. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही मुलांना हेच शिकवतो. कार्बोपोलच्या जेलमध्ये मीठ गेलं की ते मोडतं, पाणी होतं. चिमूटभर पुरतं, इथे तर ओंजळ होती! मंदा काढा उकळायची तेव्हा ते सगळं मीठ पाण्यात उतरत होतं. आणि मंदाला ते दिसत नव्हतं, कारण ती त्याच घरात वाढली होती. पाला वाटताना आई मीठ घालते हे तिला माहीत होतं, पण साठवणीच्या पाल्यालाही लावते हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पानाचा चुरा जिभेवर ठेवला असता तरी कळलं असतं. पण प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही, ही आम्हीच मुलांना लावलेली पहिली शिस्त. पाला जाळून राख तपासली असती तरी कळलं असतं. पण आईच्या हातच्या वस्तूवर संशय कोण घेतो? काखेत कळसा नि गावाला वळसा, तशातली गत. मंदा परत आली. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं... आणि म्हटलं, "निघू या का? जीप चुकेल."

येताना जीपमध्ये मंदा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, परवा. ठरवून लपवलं असं नाही, आणि ठरवून सांगितलंही नाही. एक वाक्य होतं हो, तीन शब्दांचं. 'पाल्यात मीठ आहे.' पण ते बोलले की तिचं जेल जमणार, तिची डॉक्टरेट होणार, ट्यूबवर तिचं नाव लागणार, आणि माझं पिवळं जेल कपाटात राहणार. मी पहिला नंबर ना? मग मला का नाही सुचली निर्गुडी?  भादवा गेला, नवरात्र गेलं. ती भांडं घेऊन यायची, "परत तेच गं," आणि मी चष्मा वर करून बघायचे. आता लाज सोडून सांगायचंच तर सगळंच सांगते. तिचं जेल पातळ झालं त्या दिवशी मला जेवण चांगलं जायचं.

भाऊबीजेला ती वाडीला जाऊन आली. सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या दिवशी सकाळी पहिल्या तासाआधी माझ्या टेबलापाशी आली. हातात भांडं नव्हतं. खुर्ची ओढून बसली, कधी नव्हे ती दोन्ही हात टेबलावर ठेवून. "शुभे, एक विचारू?"

"विचार की."

"माझ्या पाल्याचं तुला काही सुचतंय का? काही दिसलं होतं का तुला?"

मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "नाही बाई. मला दिसलं असतं तर बोलले नसते का?"

तिने उठून खुर्ची जागेवर सरकवली. मग म्हणाली, "बरं," आणि तासाला गेली. पुढच्या आठवड्यात तिचं जेल जमलं. ती प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत होती, "पाल्याला मीठ होतं हो! राख करून बघितली. आमच्या आईचा उद्योग!" सगळे हसले. मी तोंडावर हात ठेवून "अगं बाई!" म्हटलं. इतकं चांगलं म्हटलं की मला माझंच कौतुक वाटलं. मनात सुटकाही होती, तिची तिला वाट सापडली म्हणून. म्हणजे मी काही फार वाईट केलं नाही, असा हिशेब मी तेव्हा मांडला.

तिचा प्रबंध छापून आला तेव्हा मी आधी आभाराचं पान उघडलं. मार्गदर्शकांचं नाव होतं, आईचं होतं, वाडीतल्या बायकांची नावं होती. शिवाजीचं होतं. अहो, त्या एसटीच्या कंडक्टरचंसुद्धा होतं! माझं नव्हतं. मी पान दोनदा वाचलं. हिला इंग्रजी मी शिकवलं, हिला खोली मी शोधून दिली, आणि हिला कंडक्टर आठवला? मी तो राग कितीतरी वर्षं सांभाळला, लोणच्याच्या बरणीसारखा, ऊन दाखवून दाखवून. जेल एका कंपनीने घेतलं, अकोल्या-संगमनेरच्या दुकानांत ट्यूब आली. केडगावहून माझ्या सख्ख्या बहिणीचा फोन आला, "ताई, तुझ्या त्या मैत्रिणीच्या जेलच्या चार ट्यूबा पाठव ना, इकडे मिळत नाहीत." माझी बहीण! माझं हळदीचं जेल तिने एकदा तरी मागितलं होतं का? मी पाठवल्या. कंपनीची पिशवी काढून साध्या कागदात गुंडाळून पाठवल्या.

मैत्री मात्र चालू राहिली, हे लोकांना नवल वाटेल. माझ्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस दोन्ही वेळचा डबा मंदाने आणला. माझ्या लेकीच्या लग्नात ती कोठीघर सांभाळत होती. एक गोष्ट मात्र थांबली. त्या दिवाळीनंतर ती कामातलं काही विचारायला माझ्या टेबलापाशी कधीच आली नाही. पुढे तिने कितीतरी जेलं केली, काही फसली असतील, पण भांडं घेऊन 'बघ गं शुभे' करत आली नाही. मी म्हणायचे, मोठी झाली बाई, आता आम्हाला कशाला विचारील? नाकाने कांदे सोलते. यजमानांपुढे असं मी शंभरदा बोलले असेन.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी शिवाजीने माझ्या हातात दोन ट्यूबा ठेवल्या. "मॅडम दर म्हैन्याला मावशींना न्यायच्या. आता कोन नेनार?" म्हणून मी गेले. खरं म्हणजे ट्यूबा हे निमित्त. मला ते मीठ कुणापुढे तरी ओकायचं होतं, आणि ज्याच्यापुढे ओकायचं ते माणूस राहिलं नव्हतं. अकोल्यापर्यंत एसटी, पुढे जीप. मावशी आता पंच्याऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं. पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला आवाजावरून ओळखलं. "शुबाबाई? ये. बस." रडल्या नाहीत. चहा शेजारच्या सुनेने आणून दिला. चहा निवेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग एका दमात सांगून टाकलं. "मावशी, त्या पावसाळ्यात मी आले होते ना, तुम्ही पानांना मीठ लावत होता. त्या मिठानेच मंदाचं औषध बिघडत होतं. मला इथंच, या पडवीत बसल्याजागी कळलं होतं. मी तिला सांगितलं नाही."

मावशींनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्या बगितलं हुतं तुला. लई येळ परातीकडं बगत हुतीस. एकदा परात, एकदा मी. दिवाळीला मंदी आली, रडाया लागली, आये तुजी निगडी सोडावी लागती आता. तवा म्या सांगितलं तिला, तुजी मैतरीन मिठाकडं बगून गप झाल्ती, तिला कायतरी उमजलंय. मंदी म्हनली, तिला ठावं असंल तर ती सांगंल, आये. मी जाऊन इचारते."

 म्हणजे त्या सकाळी ती आली तेव्हा तिला मीठ ठाऊक होतं. तिला उत्तर नको होतं. ते मी द्यावं एवढंच हवं होतं...

"मग पुन्हा आली," मावशी सांगत होत्या, "तवा म्या इचारलं, काय म्हनली शुबी? तर म्हनली, तिला काय बी ठावं नव्हतं आये. ती आपली परातीकडं बगत हुती. पितळंची परात आवडली म्हनं तिला. म्हनून तर म्या चिचंनं घासून धाडली न्हाई का तुला!"

ती परात माझ्याकडे आहे. त्या वर्षी मंदाने आणून दिली होती. "आईने पाठवलीय, तुला आवडली होती म्हणे," म्हणाली. मी मनात म्हटलं, मला कधी आवडली? म्हातारीचा काहीतरी गोंधळ झाला असेल. आणि ठेवून घेतली. चांगली जड आहे, हलत नाही, म्हणून रोजची कणीक मी तिच्यातच मळते. इतकी वर्षं. ही तीच परात, हे मला ओळखूसुद्धा आलं नव्हतं.

"म्हंजी मंदी माज्याशी खोटं बोलली," मावशी हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण काहीतरी हरवल्यासारखं होतं. "जलमात कदी बोलली न्हाई. तुज्यापायी बोलली."

मी "चुकलं मावशी" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?  सांगितलंस ते बरं झालं असं मावशी म्हणाल्या नाहीत, जाऊ दे असंही नाही. मी कशाची वाट बघत होते कोण जाणे. माफी मागायला गेलं की समोरच्याने चटकन दिली पाहिजे असं आपल्याला वाटतं. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. शेजारची सून कप घेऊन गेली. मग मावशींनी उजवा हात पुढे केला. बोटं सगळ्या सांध्यांत सुजलेली, वाकडी झालेली. "आनलंय न्हवं? मग लाव. मंदी गेल्यापून कुनी लावलं न्हाई."

मी ट्यूब उघडली. तो हिरवट वास आला, कडसर. एकेक बोट धरून मी जेल लावू लागले. डॉक्टरेट याच विषयातली, आयुष्य यात गेलं, पण माणसाच्या सुजलेल्या बोटाला मी जेल लावल्याचं मला आठवेना. उंदरांचे पंजे धरले होते, फार तर एकदा सासूबाईंचा गुडघा. अंगठ्यापाशी मावशींनी "स्स" केलं आणि हात जरासा आखडला.

"मंदीचा हात लई हलका हुता," त्या म्हणाल्या. "तुजा जड हाय."

आणि खरं सांगते, त्या पडवीत, तिच्या आईचा हात हातात घेऊन, ती जगात नसताना, मला पुन्हा तिचाच हेवा वाटला. मी म्हटलं, "दाखवा ना मावशी, कसा लावायची ती?" त्यांनी माझी बोटं पकडली आणि स्वतःच्या सांध्यावर गोल फिरवून दाखवली. दाबायचं नाही, नुसतं फिरत राहायचं, जेल आपोआप मुरतं. त्यानंतर मी आणखी दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला म्हणाल्या, "जड हाय." गेल्या रविवारी लावून झाल्यावर मी मुद्दाम विचारलं. मावशींनी बोटं उघडून-मिटून बघितली, विचार केला, आणि म्हणाल्या, "बरा हाय आता. पन मंदीवानी न्हाई."